सावडीचा सेंटर फॉरवर्ड

बोरमाळ सहकारी साखर कारखान्याचा फुटबॉल संघ त्या वर्षी इतका हरला, इतका हरला, की शाळेत कुणी गणितात नापास झालं तरी पोरं म्हणायची, "झालं का तुझं बोरमाळ?"

तसं पाहिलं तर संघाला काही कमी नव्हतं. अकरा जणांना कारखान्यात फुटबॉलच्या नावावर पगारी नोकऱ्या होत्या. चेअरमन आबासाहेबांनी खास शिवून आणलेले लाल सदरे होते. नवेकोरे बूट होते. नव्हते ते फक्त गोल. म्हणजे गोल व्हायचे, भरपूर व्हायचे, पण सगळे बोरमाळच्याच जाळीत. नगरच्या मैदानावर गर्दीतून एक जण ओरडला होता, "आरं, तुमचा गोलकीपर शिंगणापूरचा हाय का काय? दारच लावीना गडी!"

हे मात्र अन्यायाचं होतं. गोलकीपर गहिनीनाथ हाच तर संघातला खरा खेळाडू. उंच, सडपातळ, कमी बोलणारा. चेंडू आला की तो असा झेपावायचा की बघणारे उठून उभे राहायचे. पण पुढचे दहा जण चेंडू आला की एकमेकांना "तू घे, तू घे" म्हणत बाजूला व्हायचे, तर एकटा गहिनीनाथ काय काय अडवणार?

शेवटी कारखान्याच्या वार्षिक सभेत एक सभासद उभा राहिला आणि म्हणाला, "ऊस आमचा, पगार आमच्या उसाचा, आन् गोल तेवढं दुसऱ्याचं? ह्ये काय गणित हाय, आबासाहेब?" मांडव हसून हसून कोसळायचा बाकी राहिला. आबासाहेबांचे कान लाल झाले. त्यांनी माईक ओढला आणि तिथल्या तिथे जाहीर केलं, "पुढच्या आषाढात कारखान्यांच्या साखर-ढाल स्पर्धेतला पहिला सामना हरला, तर संघ मोडीत! आन् मास्तर कायमचं काट्यावर!"

मास्तर म्हणजे संघाला शिकवणारा प्रभुदास. नगरच्या मिशनच्या शाळेत तो आधी फुटबॉल खेळायचा, मग पोरांना शिकवायचा आणि अजूनही झोपेत पाय झाडायचा. आणि मास्तरांची पोर म्हणजे मरिया. सभेच्या मांडवात बायकांच्या बाजूला ती बसली होती, आणि हे ऐकताच तिने पहिल्यांदा पप्पांकडे पाहिलं.

कारण मरियाला दोन पप्पा माहीत होते. एक काट्यावरचे. तिथे उसाच्या गाड्या येत, पप्पा वजन सांगत, पावती फाडत, आणि घरी येऊनही वजन सांगितल्यासारखंच बोलत: "भाजी. पुरे. पाणी." दुसरे पप्पा संध्याकाळी मैदानावरचे. गळ्यात शिट्टी, पँट गुडघ्यापर्यंत वर, ओरडतायत, धावतायत, स्वतःच्याच विनोदावर हसतायत. घरी परत येताना मरियाच्या खांद्यावर हात टाकून ते कॉर्नर किकचं तत्त्वज्ञान सांगत. संघ मोडला तर हे दुसरे पप्पा कुठे जाणार होते? त्यांना काही वेगळी खोली नव्हती राहायला.

गळीत हंगाम सुरू झाला, मळीचा वास गावभर पसरला आणि संघाची डागडुजीही सुरू झाली. पप्पांनी पाळ्या सांभाळून सगळ्यांना पहाटे मैदानावर बोलावलं. रडणाऱ्यांना पळवलं, पळणाऱ्यांना थांबायला शिकवलं. आबासाहेबांनीही आपल्या परीने हातभार लावला. ते काष्टीच्या बाजाराला गेले बैल बघायला, आणि येताना जीपमधून एक पैलवान घेऊन आले.

"मास्तर, ह्यो मच्छिंद्र. बचावाला घ्या. पाठ थापटून बगितलीय, चालवून बगितलाय, दात बगितलंत. कुठंच खोड न्हाई."

"दात कशाला, आबासाहेब?"

"आवो, वय कळतं!"

मच्छिंद्र बिचारा हसला, तर खरोखरच सगळे दात जागेवर होते. आणि गडी कामाचा निघाला. त्याच्या अंगावरून पुढे जाणं म्हणजे उसाच्या गाडीला धडकणं. खोड एकच निघाली, आणि ती दातांत नव्हती. समोरचा खेळाडू धडकून उताणा पडला, की मच्छिंद्र समजायचा कुस्ती झाली. मग तो एक हात वर करून प्रेक्षकांकडे तोंड करी आणि मैदानाला डौलात फेरी मारी. तोवर चेंडू मागून जाळीत.

"मच्छिंद्र, अरे समोरचा पडला म्हणजे खेळ संपत नाही!"

"मंग कवा संपतो, मास्तर?"

"शिट्टी वाजली की."

"पर त्याची पाठ टेकली हुती की वो!" मच्छिंद्र कळवळून म्हणे, आणि त्याला अन्याय झाल्यासारखं वाटे.

तरीही पौषापर्यंत बचाव बरा जमला. उजवीकडून उसाच्या ट्रकवरचा ड्रायव्हर कानिफनाथ सुसाट पळू लागला. राहिला तो गोल मारणारा माणूस. तो काही सापडेना. पप्पा रात्री जेवताना पोळीचे तुकडे ताटात मांडायचे, हा इकडे, तो तिकडे, आणि मध्ये रिकामी जागा ठेवून तिच्याकडे बघत बसायचे.

आता मरियाबद्दल एक सांगायला हवं. त्याच महिन्यात ती तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेत पहिली आली होती. तोवर वर्गात "हजर" म्हणताना सुद्धा जिचा आवाज बाईंपर्यंत पोचायचा नाही, त्या मुलीला पाचशे लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि त्या दिवसापासून तिला गप्प बसणं जमेना. दुधात पाणी असलं तर ती गवळ्याला मुद्देसूद उत्तर मागायची. आई म्हणायची, "ढाल मिळाली ती कपाटात ठेवलीस, आता जीभही जरा ठेव."

मरिया राहायची त्या क्वार्टर्सच्या मागेच दगडाबाईचं रान होतं. दगडामावशीकडे एकच बैल. शेजारच्या भिमाजीकडेही एकच. एका बैलाने नांगर ओढवत नाही, म्हणून दोघांची सावड होती. दोघांचे बैल मिळून एक जोडी. आज ती जोडी मावशीच्या रानात, उद्या भिमाजीच्या. मरिया कुंपणावर बसून बघत होती. बघता बघता ताडकन उभी राहिली.

"मावशी! एका बैलाचं अडतं, म्हणून दुसऱ्याचा जोडून घ्यायचा!"

"मंग? तुमच्या पुस्तकात न्हाई ह्ये?"

"नाही ना! आणि कुणी मधेच बैल काढून नेला तर?"

"नेतो कसा?" दगडाबाईने कासरा ओढला. "सावड हंगामभर असती. मधी मोडली त्याच्या दारात पुन्हा कोन उभं न्हाई ऱ्हात. सावड मोडनाऱ्याचं पिढ्यान् पिढ्या नाव निघतं, पोरी."

मरिया धावत सुटली ती थेट आबासाहेबांच्या ओसरीवर. पप्पा तिथेच खाली मान घालून बसले होते. तिने दम खाल्ला, स्पर्धेत उभी राहिली होती तशी उभी राहिली, आणि म्हणाली, "आबासाहेब, आपल्याकडे गोलकीपर आहे, गोल मारणारा नाही. सोनटेक कारखान्याकडे फिलिप आहे, गोल मारणारा, पण त्यांच्या गोलकीपरच्या हातांना चेंडूचं वावडं आहे. म्हणजे त्यांचा एक बैल, आपला एक बैल. सावड करा! आपल्या सामन्याला दोघं आपल्याकडून, त्यांच्या सामन्याला दोघं त्यांच्याकडून."

आबासाहेबांनी मांडीवर अशी थाप मारली की पानाचा डबा उडाला.

"मास्तर! येवढी वर्षं फुटबॉल मला कुनी शेतकऱ्याच्या भाषेत सांगितलाच न्हवता!"

पप्पा चाचरत म्हणाले, "पण मरिया, आपली आणि सोनटेकचीच गाठ पडली तर?"

"पप्पा, जिल्ह्यातले इतके कारखाने आहेत. पहिल्याच सामन्यात कशी पडेल?" तिने हे अशा आत्मविश्वासाने सांगितलं की परीक्षकांनी गुण दिले असते.

सोनटेकचे चेअरमन सूर्यभान हे आबासाहेबांचे जन्माचे प्रतिस्पर्धी. पण शेतकरी तेही. सावडीला नाही म्हणणं त्यांच्याही रक्तात नव्हतं. काष्टीच्या बाजारात, दोनशे बैलांच्या साक्षीने, दोघांनी हातात हात दिला. फिलिप बोरमाळला सरावाला येऊ लागला. तो मिशनच्या शाळेत पप्पांकडूनच चेंडू मारायला शिकलेला. त्याने पहिल्या दिवशी पप्पांचे पाय धरले आणि दुसऱ्या मिनिटाला गहिनीनाथवर असा गोल मारला की गहिनीनाथ महिन्यात पहिल्यांदा बोलला: "बेस!"

उन्हाळाभर त्या दोघांची जोडी जमली. एक मारतोय, एक अडवतोय, दोघं हसतायत. पप्पांच्या ताटातली मधली जागा भरली. मरिया शाळेत मान वर करून फिरू लागली.

ज्येष्ठाच्या शेवटी नगरला चिठ्ठ्या टाकल्या. पहिला सामना: बोरमाळ विरुद्ध सोनटेक.

मरियाने ही बातमी ऐकली तेव्हा ती दळण घेऊन येत होती. ती डबा घेऊन तशीच रस्त्याच्या कडेला बसली. संध्याकाळी पप्पा नुसते म्हणाले, "आमटी. पुरे." काट्यावरच्या आवाजात. यापेक्षा त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

आबासाहेबांनी मात्र बोलावून घेतलं. "ये, पोरी, ये. आता सांग. फिलिप कुनाकडनं खेळनार? मी सावड मोडनार न्हाई. सूर्यभानबी मोडनार न्हाई. मोडायची तर त्यानं मोडावी, म्हंजे जन्मभर मला तोंड दाखवायला लाजंल. पर त्योबी ह्येच म्हनत बसलाय!"

मरिया तिथून उठली ती दगडाबाईच्या बांधावर. "मावशी, पेरणीचा वाफसा दोन्ही रानांना एकाच दिवशी आला तर? जोडी कुणाच्या रानात जाते?"

दगडाबाई तिच्याकडे बघतच राहिली. "आगं, त्यात काय? सकाळची पाळी एकाची, दुपारची दुसऱ्याची."

आणि असं ठरलं. पूर्वार्धात फिलिप आणि गहिनीनाथ दोघंही बोरमाळकडून, उत्तरार्धात दोघंही सोनटेककडून. सूर्यभान हसून म्हणाले, "सावड मागायला तुमी आलाव, आबासाहेब. सकाळची पाळी तुमची." आबासाहेब खूश झाले. सकाळी बैल ताजे असतात, एवढं त्यांना कळत होतं. शेवटची शिट्टी दुपारच्या पाळीत वाजते, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही.

सामन्याच्या दिवशी दोन्ही गावं उसाच्या ट्रकमधून नगरला आली. पाऊस नुकताच थांबला होता, मैदानाचं भाताचं खाचर झालं होतं. पंच एक निवृत्त सुभेदार होते. त्यांना व्यवस्था समजावून सांगितली, तेव्हा त्यांनी आधी टोपी काढली, मग चष्मा काढला.

"एक खिलाडी, एका सामन्यात, दोन्हीकडून? कुठल्या पुस्तकात लिहिलंय हे?"

"पुस्तकात न्हाई, सायेब, रानात हाय," आबासाहेब म्हणाले.

"आन् ढाल आमी दोगांनी दिल्याली हाय," सूर्यभान म्हणाले. पंचांपुढे दोघांचं आयुष्यात पहिल्यांदाच एकमत झालं होतं.

सुभेदारांनी आकाशाकडे पाहिलं. "ठीक आहे. पण हा सामना मी खेळवला, हे छावणीत कुणाला सांगू नका."

पूर्वार्ध म्हणजे दिवाळी होती. फिलिपने चिखलातून वाट काढत तीन गोल मारले. गहिनीनाथने एकही आत येऊ दिला नाही. मच्छिंद्रने दोघांना उताणं पाडलं आणि पप्पांचा आवाज ऐकून दोन्ही वेळा वर चाललेला हात निम्म्यातून खाली घेतला. तीन शून्य! आबासाहेब कुणाच्याही पाठीत धपाटे घालत होते.

मग मध्यांतर झालं. फिलिप आणि गहिनीनाथ यांनी लाल सदरे उतरवले, सोनटेकचे पिवळे चढवले आणि पलीकडे गेले. बोरमाळचा आवाजच बसला. त्यात आणखी घोटाळा. दोन जागा भरायच्या होत्या आणि राखीव खेळाडू दोन होते, पण त्यातला एक त्या दिवशी पेरणीला गेला होता. पाऊस पडलाय म्हटल्यावर कोण फुटबॉल बघतो?

पप्पांनी गळ्यातली शिट्टी काढून मरियाच्या हातात दिली.

"पप्पा, तुम्ही?"

"गोलमध्ये उभं राहायचंय फक्त," ते म्हणाले, आणि लाल सदरा डोक्यातून घालताना तो पोटावर अडला.

उत्तरार्धात फिलिप आपल्या गुरूवर चाल करून आला. पहिला गोल लगेच झाला. पण मग पप्पा पेटले. एक चेंडू त्यांनी हाताने अडवला, एक पायाने, एक पोटाने. एक थेट नाकाने. नाकातून रक्त आलं, तरी ते उभे. चेंडू मारल्यावर फिलिप दर वेळी ओरडत होता, "माफ करा, सर!" आणि पप्पा ओरडत होते, "माफ काय करायचंय, नेम सुधारलाय तुझा!" मरियाने शिट्टी मुठीत इतकी घट्ट धरली होती की तळहातावर वळ उठला. हे तिचे दुसरे पप्पा होते, पुरेपूर आणि कदाचित शेवटचेच, चिखलाने माखलेले, आणि तिला वाटत होतं हा उत्तरार्ध संपूच नये.

तीन दोन झालं. तीन तीन झालं. मग कानिफनाथ उजवीकडून असा सुटला की जणू ब्रेक निकामी झालाय. समोर फक्त गहिनीनाथ. आपला गहिनीनाथ! बोरमाळच्या सगळ्या ट्रकांवरून एकच आरोळी उठली, "सोड रं गहिन्याऽ! तुझंच गाव हाय!" कानिफनाथने चेंडू कोपऱ्यात मारला. गहिनीनाथ आडवा झेपावला, बोटांच्या टोकांनी चेंडू बाहेर लोटला आणि चिखलात तोंड खुपसून पडून राहिला. उठला तेव्हा रडत होता.

शिव्यांचा पाऊस सुरू होणार, तेवढ्यात ट्रकच्या फाळक्यावर उभी राहून दगडाबाईने टाळी वाजवली. "कुनाच्या बी रानात जुंपा, गडी नांगराचं तास सरळच धरतोय! आसा बैल घावतो व्हय?" मग शिव्या घशातच राहिल्या, आणि हळूहळू टाळ्या वाढत गेल्या.

पण टाळ्यांनी सामना जिंकता येत नाही. शेवटच्या क्षणी सोनटेकचा एक जण मच्छिंद्रवर आदळून उताणा पडला. दोन्ही खांदे चिखलाला टेकले. इतकी सुंदर चितपट मच्छिंद्रला वर्षात मिळाली नव्हती. त्याचा हात आपोआप वर गेला, तो प्रेक्षकांकडे वळला, आणि त्याच्या मागून फिलिपने चौथा गोल मारला. शिट्टी वाजली.

ट्रकजवळ सगळे पाय ओढत जमले. आबासाहेबांनी उपरण्याने तोंड पुसलं. "मास्तर, तुमची कसूर न्हाई. पर सभेत बोललोय. संघ मोडला. उद्यापासनं तुमी काट्यावर."

पप्पांनी मान डोलावली. नाक सुजलं होतं, सदरा अजून पोटावर अडकलेला होता. मरियाच्या मनात शंभर मुद्दे आले आणि एकही तोंडातून बाहेर पडेना. तालुक्यात पहिली आलेली मुलगी, आणि नेमका आत्ता आवाज गेला.

तेवढ्यात सूर्यभान आले, हसत, दोन्ही हात पसरून. "आबासाहेब, सावड असावी तर आशी! तुमच्या गड्यानं तुमचाच गोल आडवला, डोळ्यानं पाह्यलं. आता पुढच्या आयतवारी आमचा दुसरा सामना. गहिनीनाथाला धाडा. आन् तुमचं काम कवा? जोडी तुमच्याकडंबी यायाला पायजे. मी एकतर्फी सावड ठेवत न्हाई."

आबासाहेबांनी उपरणं झटकलं, घडी घातली, पुन्हा झटकलं. काय सांगणार? संघ मोडला म्हटलं, तर सावड हंगामाच्या मध्यात कुणी मोडली? त्यांच्या कपाळावर घाम आला. त्यांनी पप्पांकडे पाहिलं, पप्पांनी जमिनीकडे पाहिलं.

आणि मरियाचा आवाज परत आला. "त्याच्या पुढच्या आयतवारी, काका! आमच्या मैदानावर सामना आहे ना."

"व्हय व्हय," आबासाहेब घाईने म्हणाले. "हाय की सामना."

"बेस! कुनाशी?"

हे काही मरियाने ठरवलं नव्हतं. तिने आबासाहेबांकडे पाहिलं. आबासाहेबांनी आभाळाकडे पाहिलं, ट्रककडे पाहिलं, मच्छिंद्रकडे पाहिलं. शेवटी समोर जो दिसला त्याचंच नाव घेतलं.

"तुमच्याशीच!"

सूर्यभान खो खो हसत सुटले. "म्हंजे पुन्हा निम्मी निम्मी पाळी?"

"निम्मी निम्मी. पर आता सकाळची तुमी घ्या," आबासाहेब म्हणाले.

सूर्यभान गेले. आबासाहेब जीपकडे निघाले, दोन पावलं गेले आणि मागे वळले.

"मास्तर, हितं काय हुबं ऱ्हायलाव? बसा जीपमधी. त्या नाकाला आधी हळद लावा. दोन आठवड्यांवर सामना आलाय, आन् तुमचं त्वांड बगा!"